दुसऱ्याच्या लायब्रऱ्या मोजणाऱ्या टूलला स्वतःच्या किती असाव्यात?

प्रश्न: ताई, मी खानापूरची. व्हीटीयूच्या कॉलेजातून इंजिनिअरिंग केलं आणि आता बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही पाचजण मिळून फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी स्टॉक, जॉबवर्क, डिस्पॅचची सॉफ्टवेअरं करतो. जुनं प्रॉडक्ट जावात आहे, नवं वेबवरचं नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट), आणि रिपोर्टच्या बऱ्याच स्क्रिप्ट पायथॉनमध्ये. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं आता आमच्याकडे एसबीओएम, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या लायब्रऱ्यांची (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची) यादी, मागितलं आहे. सरांनी ते काम माझ्यावर सोपवलं. वर सांगितलं की उद्या एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी निघाली, तर ती आपल्या कुठल्या गिऱ्हाइकाकडे बसली आहे ते लगेच कळलं पाहिजे. त्यासाठी छोटंसं टूल लिहायचं आहे. काही फाउंड्रींत अजून विंडोज ७ ची मशीनं आहेत, तिथं नेटही नाही. सर म्हणतात, "जावा सगळ्यांना येतंय, त्यातच कर की." बेंगळुरूचा मित्र म्हणतो, रस्ट शिक, सीव्हीवर वजन पडतं. मला पायथॉन बऱ्यापैकी येतं, पण ती नवशिक्यांची भाषा असं ऐकून ऐकून मन कचरतं. कुठली भाषा घेऊ?

उत्तर: पायथॉन घ्या. त्यातही इन्स्टॉलरबरोबर येते तेवढीच स्टँडर्ड लायब्ररी वापरा, पिप या पॅकेज बसवायच्या टूलनं बाहेरचं काही आणू नका. फाउंड्रीतल्या मशीनवर चालवायचा छोटा तुकडा मात्र वेगळा काढून गो भाषेत लिहा. असं का, ते सविस्तर सांगते, कारण सरांपुढे बाजू तुम्हालाच मांडायची आहे.

सगळ्यात आधी एक गुंता सोडवू. तुमच्या पत्रात दोन कामं एकमेकांत अडकली आहेत. पहिलं काम म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायची यादी. पंपाच्या बीओएममध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या यादीत, जसा प्रत्येक सील आणि बेअरिंग नंबरासकट लिहिलेला असतो, तशी ही सॉफ्टवेअरची बीओएम. त्यात प्रत्येक लायब्ररीचं नाव, व्हर्जन आणि लायसन्स येतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये याबद्दल तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून ही मागणी मोठ्या कंपन्यांकडून खाली झिरपत तुमच्यासारख्या पुरवठादारांपर्यंत येणारच होती. या यादीचे दोन फॉरमॅट जगभर चालतात, एसपीडीएक्स आणि सायक्लोनडीएक्स. ते तयार करून देणारी मोफत टूलं आहेत. सिफ्ट हे त्यातलं एक, फोल्डर दाखवलं की यादी काढून देतं. हे काम स्वतः लिहीत बसू नका. गिऱ्हाइकाला कुठला फॉरमॅट हवा तेवढं विचारून घ्या आणि यादी काढून, नजरेखालून घालून पाठवा.

दुसरं काम सरांचं. अमुक लायब्ररी कुणाकडे बसली आहे आणि ती कुणामुळे आली? याचं उत्तर कुठलंही तयार टूल आपणहून देणार नाही, कारण कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार प्रत) गेला हे फक्त तुमच्या कंपनीला माहीत. खरं लिहायचं ते एवढंच, आणि भाषेचा प्रश्नही एवढ्यापुरताच.

आता भाषा कशी निवडायची? माझी कसोटी अशी आहे: दुसऱ्यांच्या डिपेंडन्सी, म्हणजे ते ज्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहेत त्या, तपासणारं टूल स्वतः जवळजवळ कुणावरच अवलंबून नसावं. हे टूल तुमच्या सगळ्या प्रॉडक्टच्या सोर्स कोडमध्ये फिरणार, बिल्ड मशीनवर चालणार. त्याच्याच पोटात चाळीस अनोळखी पॅकेजं असली तर आधी त्या चाळिसांची चौकशी करावी लागेल. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएम या नोडच्या पॅकेज भांडारावरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडले. त्या पॅकेजचं नावही न ऐकलेल्या लोकांचे बिल्ड त्यात होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबण्याच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएचच्या (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायच्या) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून त्यांनी खोदून पाहिलं आणि ते उघडकीला आलं. पेरणाऱ्यानं त्या प्रकल्पात दोनेक वर्षं राबून आधी विश्वास कमावला होता. अशा जगात डिपेंडन्सी तपासायच्या टूलसाठी आणखी पॅकेजं ओढून आणणं मला पटत नाही.

ही कसोटी लावली की निवड आपोआप आवळत जाते. जावाबरोबर जेसन (माहिती साठवायचा मजकुराचा फॉरमॅट) वाचायची सोय येत नाही, त्यासाठी बाहेरची जार (जावाची लायब्ररी फाइल) लागते. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतही जेसन नाही. बहुतेक जण सर्डे ही लायब्ररी घेतात, आणि तिच्यामागोमाग आणखी काही क्रेट, म्हणजे रस्टची पॅकेजं, येतात. नोडमध्ये जेसन घरचंच, पण झिप उघडायला आणि एक्सएमएल वाचायला पुन्हा एनपीएमच्या दारात जावं लागतं. पायथॉनच्या पेटीत जेसन, एक्सएमएल, झिप, सीएसव्ही, एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) हे सगळं आहे. ३.११ व्हर्जनपासून टॉमल (सेटिंगच्या फाइलींचा फॉरमॅट) वाचायची सोय आहे. पायथॉनचा कोड वाचून त्याची फोड करणारं एएसटी मॉड्यूलही आहे. यामल हा फॉरमॅट तेवढा नाही, पण एनपीएमऐवजी पीएनपीएम वापरत नसाल तर तुम्हाला त्याची गरज पडणार नाही. गोच्या पेटीतही बहुतेक सगळं आहे, टॉमल आणि एसक्यूलाइट नाही.

पायथॉन हळू चालतो हा आक्षेप इथं लागू नाही. काही हजार नोंदींची लॉकफाइल (नेमकी कुठली व्हर्जनं बसली त्याची नोंद) वाचायला पायथॉनला जाणवण्याइतका वेळ लागत नाही. वेळ जातो तो कुठल्या फाइलीत काय बघायचं हे समजून घेण्यात, आणि तो वेळ रस्टमध्येही तितकाच जातो. या बाबतीत थोडं थांबून लिहिते, कारण टूल चुकतं ते इथंच.

तुमच्या जुन्या जावा प्रॉडक्टपासून सुरुवात करू. माझा अंदाज आहे की तिथं लिब नावाच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं जार टाकल्या गेल्या असतील आणि काहींच्या नावात व्हर्जनही नसेल. फाइलच्या नावावर विसंबू नका. जार म्हणजे झिपच, ती पायथॉनच्या झिपफाइल मॉड्यूलनं उघडा. आत मेटा-इन्फ फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट असतं, आणि मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलनं बांधलेली असेल तर त्याच्याखाली मेव्हन फोल्डरमध्ये पॉम.प्रॉपर्टीज ही छोटी फाइल असते. तिच्यात ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन स्पष्ट लिहिलेलं सापडतं. आता खरी मेख. काही जारींच्या पोटात आणखी जार असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीची ती गाजलेली त्रुटी बाहेर आली, तेव्हा "आमच्या लिबमध्ये ती नाही" असं म्हणून निर्धास्त राहिलेल्या कित्येकांकडे ती दुसऱ्या जारीच्या आत निघाली. म्हणून आतली जार मेमरीत वाचून तीही उघडायची, तिच्या आतलीही. पायथॉनमध्ये हे पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

त्याच लॉगफोरजेवर व्हर्जनची तुलनाही शिकून घ्या. समजा तुम्ही एक सुरक्षित व्हर्जन ठरवलं, २.१७.१. एका गिऱ्हाइकाकडे २.९.१ आहे. दोन्ही अक्षरं म्हणून ताडून पाहिलीत तर ९ हा आकडा १ च्या पुढचा, म्हणून टूल सांगेल की २.९.१ नवीन आहे, काळजी नको. प्रत्यक्षात ते जुनं आहे आणि त्रुटी त्यात आहेच. टिंबांवर तोडून आकडे करून ताडा. एवढ्यानंही भागत नाही. त्या त्रुटीची दुरुस्ती मुख्य मालिकेत २.१५.० मध्ये आली, पण जावा ७ वाल्यांसाठी ती २.१२.२ मध्ये आणि जावा ६ वाल्यांसाठी २.३.१ मध्ये वेगळी दिली गेली. म्हणजे "२.१५ पेक्षा लहान ते सगळं धोक्याचं" हा नियमही चुकतो. असे पट्टे स्वतः लिहू नका. ओएसव्ही नावाचा खुला डेटाबेस आहे, त्यात प्रत्येक त्रुटीला कुठली व्हर्जनं लागू ते लिहिलेलं असतं. तो एनपीएम, मेव्हन, पायपीआय (पायथॉनचं पॅकेज भांडार) अशा भागांनुसार झिपमध्ये उतरवून घेता येतो. एकदा उतरवला की नेट नसतानाही काम चालतं.

नोडच्या बाजूला पॅकेज.जेसन बघू नका, पॅकेज-लॉक बघा. पहिल्यात "अमुकपासून पुढचं चालेल" असा पट्टा असतो, नेमकं काय बसलं ते लॉकफाइलीत असतं. फाइल उघडली की वरच लॉकफाइल-व्हर्जन दिसेल. १ असेल तर नोंदी एकात एक घातलेल्या असतात. २ किंवा ३ असेल तर पॅकेजेस नावाची सपाट यादी असते आणि प्रत्येक नोंदीची किल्ली म्हणजे तिचा फोल्डरमधला पत्ता. इथं नवीन माणूस हमखास घसरतो, कारण तो नावावरून डिक्शनरी करतो. एकच पॅकेज दोन ठिकाणी दोन व्हर्जनांत बसू शकतं, एक नोड मॉड्यूल्सच्या मुळाशी आणि दुसरं कुणाच्या तरी पोटातल्या नोड मॉड्यूल्समध्ये. नावावरून साठवलं की दुसरं पहिल्याला पुसून टाकतं, आणि नेमकं जुनं, त्रुटीचं व्हर्जन यादीतून गायब होतं. किल्ली पूर्ण पत्त्याचीच ठेवा.

पायथॉनच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. इन्स्टॉल करायचं नाव आणि कोडमध्ये आणायचं नाव सारखं असेलच असं नाही. पिलो इन्स्टॉल करतो आणि पीआयएल म्हणून आणतो. कोडमधली इम्पोर्टची ओळ वाचून "हे पॅकेज वापरातच नाही" असा निकाल टूलनं देऊ नये. इन्स्टॉल झालेल्या वातावरणालाच विचारा, इम्पोर्टलिब.मेटाडेटा ते सांगतं. कुणाच्या सेटअप.पाय फाइलीत डिपेंडन्सी लिहिलेल्या असल्या, तर त्या काढण्यासाठी ती फाइल चालवू नका. तो कोड आहे, काहीही करू शकतो.

हे सगळं गोळा झालं की ठेवायचं कुठं? एसक्यूलाइटची एक फाइल पुरे. गिऱ्हाईक, बिल्ड, पॅकेज-व्हर्जन आणि "कुणी कुणाला आणलं" असे चार टेबल. शेवटच्या टेबलावर उलटं चालत गेलं की अमुक लायब्ररी कुठल्या वाटेनं आत शिरली ते दिसतं. चालताना भेट दिलेल्या नोंदींचा संच जवळ ठेवा. एनपीएमच्या जाळ्यात अ ला ब लागतो आणि ब ला पुन्हा अ, असे फेरे असतात, नाहीतर टूल गोल गोल फिरत राहील. फंक्शननं स्वतःलाच बोलावण्यापेक्षा रांग वापरा. असं एकात एक बोलावण्याच्या खोलीवर पायथॉन साधारण १००० ची मर्यादा घालतो.

आणि सरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर कोडमध्ये नाहीच. आज रिपॉझिटरीत जे आहे ते गेल्या दिवाळीत अमुक फाउंड्रीला दिलेल्या बिल्डमध्ये नसणार. आजपासून सवय लावा: बिल्ड गिऱ्हाइकाकडे जाताना त्याची लॉकफाइल, जारींची यादी आणि गिटचा कमिट आयडी (कोडच्या त्या वेळच्या स्थितीचा नंबर) गिऱ्हाइकाच्या नावानं जपून ठेवायचा. ही नोंद नसेल तर कुठल्याही भाषेतलं टूल सरांना हवं ते सांगू शकणार नाही.

जिथं आधीच बसवून झालंय तिथं मात्र जाऊनच बघावं लागेल, आणि इथं विंडोज ७ आडवं येतं. पायथॉन ३.८ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं, म्हणजे टॉमल वाचणारं ३.११ तिथं बसणारच नाही. शिवाय फाउंड्रीच्या मशीनवर आपण पायथॉन बसवत फिरणं त्या मालकांना रुचणार नाही, आणि रुचूही नये. म्हणून तेवढा तुकडा गो मध्ये करा. गो ची एकच एक्झी फाइल बनते, तिला बाजूला काहीही लागत नाही. ऑफिसमधल्या लिनक्सवर बसूनही विंडोजसाठी बनवता येते. एक्झी ३२ बिटची करा, कारण त्या काळच्या मशीनांत ३२ बिट पुष्कळ आहेत, आणि ३२ बिटची फाइल ६४ बिटच्या विंडोजवरही चालते. गो १.२० हे विंडोज ७ ला चालणारं शेवटचं व्हर्जन, ते मुद्दाम जपून ठेवा. त्याला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून या तुकड्याला नेटवर्कचं कुठलंच काम देऊ नका. त्यानं फोल्डर चाळावं, प्रत्येक जारीचा पत्ता, आकार आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा) जेसनमध्ये लिहावा, जमल्यास आतलं पॉम.प्रॉपर्टीज उचलावं आणि थांबावं. ती जेसन पेन ड्राइव्हवर घेऊन या. डोकं चालवायचं काम ऑफिसमध्ये, पायथॉनमध्ये. एवढं गो तुम्ही आठवड्याभरात सहज शिकाल.

सरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पाचजणांच्या कंपनीत सगळ्यांना येणारी भाषा ही मोठी गोष्ट आहे. बेळगावात माणसं तयार होतात आणि पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात, हे सरांनी अनुभवलेलं असणार. तुम्ही गेल्यावर हे टूल कोण सांभाळणार, ही त्यांची धास्ती रास्त आहे. पण रिपोर्टच्या स्क्रिप्ट पायथॉनमध्येच आहेत, म्हणजे ऑफिसातल्या आणखी कुणाला तरी ते वाचता येतंच. त्या माणसाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. वापराच्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहा, ज्याला ज्यात सोयीचं त्यानं त्यात वाचावं. सरांना यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर सीएसव्ही लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग ठेवा, नाहीतर शेऱ्यातली मराठी-कन्नड अक्षरं एक्सेलमध्ये चिन्हांचा चिखल होऊन दिसतात आणि लोक टूललाच नावं ठेवतात.

रस्टबद्दल. शिकायची इच्छा असेल तर जरूर शिका, भाषा उत्तम आहे. पायथॉनच्या जगातलंच यूव्ही हे पॅकेज मॅनेजर रस्टमध्ये लिहिलेलं आहे, आणि अक्षरशः हजारो पॅकेजांची गणितं झटक्यात सोडवायची असतात तिथं त्याचा कस लागतो. पण ते संध्याकाळी घरी शिका. कंपनीच्या अंगावर येऊन पडलेलं काम आणि नवी भाषा एकाच वेळी अंगावर घेतली की दोन्ही अर्धवट राहतात. आणि सीव्हीबद्दल म्हणाल, तर मुलाखतीत "रस्ट येतं" या दोन शब्दांपेक्षा जारीच्या आतली जार कशी सापडली आणि २.९.१ ला टूल सुरक्षित का म्हणत होतं, हे तुम्ही सांगाल तेव्हा समोरचा माणूस सरसावून बसेल. पायथॉन नवशिक्यांना सोपी जाते, हे खरं. अनुभवी लोकही ती रोज वापरतात, त्यात कमीपणा मानू नका.

एवढं सांगूनही सर जावावरच ठाम राहिले तर भांडू नका. जावातही हे होईल, ओळी जरा जास्त लिहाव्या लागतील एवढंच. जेडीके ८ पासून जेडेप्स हे टूल जावाबरोबरच येतं, कुठल्या जारीला कुठली लागते ते त्यातून आयतं मिळेल. जेसन वाचायला अशी एकच छोटी जार निवडा जिला स्वतःला दुसरी कुठली लागत नाही. तिचं व्हर्जन आणि हॅश लिहून ठेवा, आणि तुमच्या एसक्यूलाइटमधली पहिली नोंद त्या जारीचीच करा.